न भरणारी टाकी

आधीच सांगून ठेवते, मी कोणावर उगाच संशय घेत नाही. कारण असल्याशिवाय घेत नाही. आता कारणं इतरांपेक्षा मला जरा जास्त सापडतात, त्याला मी काय करू?

आमची वस्ती शहराच्या हद्दीबाहेर. किती बाहेर, तर डांबरी रस्ता संपतो आणि निळी पाटी लागते, तिथून अडतीस पावलं. मी स्वतः मोजलीत. पाटीच्या त्या बाजूला नळ, गटारं, दिवे, झाडूवाले, सगळा थाट. या बाजूला आम्ही बेचाळीस घरं, दारात ज्याची त्याची बोअर आणि परसात ज्याची त्याची संडासाची टाकी. मी शाळेचे गणवेश शिवते. मशीन खिडकीशीच आहे, त्यामुळे गल्लीत कोण आलं, कोणाकडे गेलं आणि किती वेळ थांबलं, हे मला मान वर न करता कळतं.

तर त्या खिडकीतून मला एका सकाळी ती दिसली. पायात बूट, काखेत गुंडाळलेले नकाशे आणि हातात लांब फीत. नगरपालिकेच्या पाणी खात्यातली इंजिनियर, वय पंचविशीच्या आतबाहेर. प्रत्येक घरापुढे वाकायची, फीत लावायची, वहीत लिहायची आणि पुढे. वस्तीनं दुपारपर्यंत तिचं नाव 'फीतवाली' ठेवून टाकलं. ती गेल्यावर मी माझी शिवणाची फीत घेऊन बाहेर गेले आणि दारापुढे तिनं खडूनं मारलेल्या खुणा मोजल्या. मापं इंचाला इंच बरोबर निघाली. मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट चीड आली. फुकटात इतकं नीट काम कोण करतं? कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी त्याच दिवशी धाकटीला बोलून दाखवलं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. एकाच जागेचे दोन भाऊ वाटेकरी. वरचा चढावरचा तुकडा आमच्या यांनी घेतला, खालचा दिरांनी. मधे कमरेएवढी भिंत. दीर ट्रकवर असतात, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरात धाकटी आणि तिची सात वर्षांची लेक. पुढचे दोन दात मोठे म्हणून तिला सगळे खारू म्हणतात. मला मूलबाळ नाही. खारू मला मोठी आई म्हणते आणि दिवसातले निम्मे तास माझ्या मशीनखाली चिंध्या गोळा करत बसलेली असते. बसलेली असायची.

फीतवालीचं म्हणणं सरळ होतं. बेचाळीसपैकी अठ्ठावीस घरांनी संमतीपत्रावर सही केली की वस्ती हद्दीत येणार, पाण्याची लाइन येणार, मैलावाहिनी येणार. मग बोअर बंद आणि टाक्याही बंद. ऐकायला गोड. पण आम्ही एकदा पोळलेलो आहोत. बारा वर्षांपूर्वी असाच एक गोडबोल्या साहेब रस्त्याचे दिवे देतो म्हणून सह्या घेऊन गेला. दिवे अजून यायचेत. सह्या मात्र दुसऱ्याच कागदाला जोडल्या गेल्या आणि वस्तीच्या पाठीमागे शहराचा कचरा येऊन पडायला लागला, आमच्या 'संमतीनं'. त्या यादीत तिसरी सही माझी होती. तेव्हापासून मी किराणा दुकानाची पावतीही पाठपोट वाचते.

हे संमतीपत्र मी भिंगातून वाचलं. सातव्या कलमात लिहिलं होतं, 'आवश्यकतेनुसार घरापुढील दहा फुटांपर्यंतची जागा वापरली जाईल.' माझ्या खिडकीपासून गल्ली अकरा फूट. म्हणजे उद्या मी मशीन चालवायची ती काय रस्त्यात बसून? मी सही करणार नाही म्हणून जाहीर केलं. मी करत नाही म्हटल्यावर आणखी चौदा घरांनी हात आखडता घेतला, कारण कागद वाचण्याचं काम वस्तीनं माझ्याकडे सोपवलेलं आहे. सत्तावीस सह्यांवर गाडी अडली.

आता आमच्या वस्तीची एक गंमत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे घराचा मान रंगावरून किंवा मजल्यावरून ठरत नाही, टाकी किती वर्षांनी उपसावी लागते यावरून ठरतो. मैला उपसणारी गाडी गल्लीत शिरली की खिडक्या धडाधड बंद होतात आणि बंद खिडक्यांआड एकच विषय, कोणाकडे आली? ज्याच्याकडे दरवर्षी येते, त्याचं बांधकाम कच्चं. ज्याच्याकडे पाच-सात वर्षांत एकदा येते, तो शहाणा. आणि आमच्याकडे? एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

आमचे हे गवंडी होते. टाकी त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली, गारा मी वाहून दिला. 'गवंडीबुवांची टाकी' म्हणून वस्तीत नाव होतं. नवीन घर बांधणारे बघायला यायचे, हे मिशीवरून हात फिरवत झाकणावर उभे राहायचे. ते जाऊन सहा वर्षं झाली. अजूनही कोणी टाकीचा विषय काढला की मला वाटतं, हे मागच्या दाराशीच उभे आहेत. म्हणून मी तो विषय पुष्कळदा काढतेही.

त्या वर्षी हिवाळ्यापासून खारूचं पोट बिघडायला लागलं. आठ दिवस बरी, चार दिवस आजारी. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. मी रोज सकाळी माझ्या बोअरचा हंडा भिंतीवरून धाकटीला द्यायला लागले. माझी बोअर पुढच्या अंगाला, चढावर, पाणी स्वच्छ. पण पोर खेळता खेळता घरच्या हातपंपाला ओंजळ लावायचीच, दात त्याच पाण्यानं घासायची. आणि माझ्या बोअरची धार उन्हाळ्यात करंगळीएवढी होते, सगळ्या घराला कुठून पुरणार? जूनमध्ये मी तिचा शाळेचा फ्रॉक शिवला आणि ऑगस्टपर्यंत कंबर दोनदा आत घेतली. शिंपिणीला पोर आजारी आहे हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सप्टेंबरात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं, पाच दिवस सलाइन.

कोणामुळे, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मास्तरांमुळे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पोस्टातले. निवृत्त, एकटे, धाकटीच्या पलीकडच्या घरात राहतात. त्यांच्याकडे उपसणारी गाडी दरवर्षी न चुकता येते, आणि हा गृहस्थ तोंड लपवायचं सोडून गल्लीत खुर्ची टाकून बसतो. दरवर्षी टाकी भरते म्हणजे बांधकाम भुसभुशीत, आणि भुसभुशीत म्हणजे गळणारच. गळणार ती शेजारी धाकटीच्या बोअरमध्ये. मी हे गल्लीत उघड बोलले, मास्तरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. शिवाय संमतीपत्राच्या सह्या गोळा करायचं काम त्यांच्याकडेच होतं. स्वतःची टाकी झाकायला माणसाला नगरपालिकेची घाई झालीय, आणखी काय?

दवाखान्यातून आल्यावर धाकटी माझ्याकडे आली. बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, एक सही राहिलीय. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर पोर हातची जाईल."

मला पाझर फुटला नाही असं नाही. पण कोणी अशी गळ घातली की मी जास्तच आखडते, हा माझा स्वभाव. मी म्हटलं, नळ यायला वर्ष लागणार, तोवर पोरीनं तेच पाणी प्यायचं का? आधी कोणाची टाकी गळते ते शोधा, ती बंद करा. तसं झालं की मी त्याच दिवशी सही देते. धाकटी गेली आणि दुसऱ्या दिवशी फीतवालीला घेऊनच आली.

फीतवाली म्हणाली, शोधता येतं. संडासात रंग टाकायचा, भरपूर पाणी ओतायचं आणि वाट बघायची. टाकी गळत असेल तर रंग जमिनीतून बोअरमध्ये उतरतो. अपाय नसतो, पण ते पाणी प्यायचं नाही. मी विचारलं, आधी कोणाकडे? ती म्हणाली, तुम्ही सांगाल त्यांच्याकडे. मी मास्तरांचं नाव घेतलं. मास्तर लगेच हो म्हणाले, चहासुद्धा विचारला, आणि त्यामुळे माझा संशय दुणावला. आधीच काहीतरी करून ठेवल्याशिवाय कोणी इतक्या आनंदानं आपला संडास दाखवतं का?

मी जातीनं हजर राहिले. पुडीतला रंग लाल होता. फीतवालीनं सहा बादल्या ओतल्या, मी मोजल्या. मग धाकटी रोज सकाळी हातपंपाचं पाणी पांढऱ्या वाटीत धरून बघायची आणि मी भिंतीवरून वाकून बघायची. एक दिवस, चार दिवस, बारा दिवस. पाणी होतं तसंच.

तेराव्या दिवशी फीतवाली माझ्या दारात आली. म्हणाली, आता तुमच्याकडे टाकू. मी हसले. खुशाल टाका म्हटलं, एकोणीस वर्षं टाकी भरलेली नाही माझी. तिनं माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. या वेळी पुडीतून हिरवा रंग निघाला. वेगळा का, म्हणून मी लगेच धरलं. दोन्ही वेगळे ओळखता यावेत म्हणून, असं ती म्हणाली. ते मला पटलं. मी म्हटलंसुद्धा, शहाणी आहेस, मास्तरांचं उशिरा आलं तर माझ्या माथी यायला नको.

पाचव्या दिवशी सकाळी मी बाहीला काज करत होते. खिडकीच्या कट्ट्यावर दोन हात आले, मग दोन दात. खारू चवड्यांवर उभी राहून स्टीलचा पेला वर धरत होती.

"मोठी आई, बघ ना, आमच्या पंपाला रंग आला."

कोवळ्या पानासारखं हिरवं पाणी होतं. मी आधी पेला तिच्या हातातून काढून घेतला. प्यायलीस का, म्हणून विचारलं. नाही म्हणाली. मग मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी पेल्यात लाल शोधलं. उजेडात धरून, हलवून, पांढऱ्या कापडावर थेंब टाकून. कापड हिरवंच झालं.

फीतवाली आली तेव्हा मी तिच्यावर पुड्या बदलल्याचा आळ घेतला. मास्तरांनी तिला फितवलं असणार, असंही म्हटलं. ती भांडली नाही. झाकण उघडू या, एवढंच म्हणाली. दोन मजुरांनी पहार लावून फरशी उचलली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उजेड आत गेला. तिनं खुणा केलेली लांब काठी खाली सोडली. काठी तळाला टेकायला हवी होती, टणकन. ती टेकली नाही. तिनं जोर दिला तशी चिखलात रुतत गेली, फूट, दीड फूट, दोन फूट. चारही भिंती ओळंब्यात सरळ, गिलावा अजून गुळगुळीत, बघत राहावं असं काम. खाली तळच नव्हता.

"पक्की टाकी भरतेच, काकू," फीतवाली म्हणाली. "मास्तरांची भरते तशी. जी भरत नाही, ती सगळी जमिनीत जाते."

भिंतीपलीकडे धाकटी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

हा माझा प्रश्न. जन्मभर मी तो दुसऱ्यांना विचारत आले, मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी नाही म्हटलं. एकदम म्हटलं, ठासून म्हटलं. धाकटी आत निघून गेली. तिला ते पटलं की नाही, हे तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही.

मी खिडकीशी येऊन बसले आणि मग आठवलं. गाऱ्याचं शेवटचं घमेलं खाली ठेवून मी यांना विचारलं होतं, आणि तळाचं काय? हे म्हणाले होते, तळ कशाला, जमीन पिऊन घेते. तेव्हा वस्तीत बरेच जण तसंच बोलायचे, मीही मान डोलावली. तळासाठी आणलेलं सिमेंट उरलं, त्याचा यांनी मला खिडकीचा कट्टा करून दिला, हा, मशीनचा. मी खूश झाले होते. म्हणजे मला माहीत होतं की नव्हतं? पाणी जाऊन जाऊन कुठे जाणार, खालच्या अंगालाच जाणार, एवढं कळायला काय मोठं इंजिनियर व्हावं लागतं? नगरपालिकेच्या कागदावरचं बारीक अक्षर मी भिंगातून वाचलं, आणि माझ्या माणसाचं तोंडचं वाक्य एकोणीस वर्षं तसंच पडू दिलं. मला यांचा राग आला. सहा वर्षांत पहिल्यांदा आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना.

संध्याकाळी मी मास्तरांकडे गेले, कागद त्यांच्याकडेच होता. त्यांनी खुर्ची पुढे केली. ज्या माणसाला मी भर गल्लीत नको नको ते बोलले, तो काहीतरी बोलेल, निदान टोमणा मारेल म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी पेन दिलं आणि माझ्या, म्हणजे अठ्ठाविसाव्या, सहीवर शाईटीप दाबला. सातवं कलम मी सही करण्याआधी पुन्हा वाचलं, नाही कशाला म्हणू? निघताना त्यांनी खिळ्यावरची एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "बाहेरचा संडास वापरत जा," म्हणाले, "तुमचा आता बंद ठेवावा लागेल."

लाइन यायला अकरा महिने लागले. अकरा महिने मी बादली घेऊन धाकटीच्या दारावरून मास्तरांच्या संडासात जात होते, आणि सगळी वस्ती खिडक्यांतून बघत होती. बघू दे. माझ्या टाकीत यांच्या गुळगुळीत भिंतींमध्ये मुरूम भरला, मी उभी राहून भरून घेतला. धाकटीनं पाणी रस्त्यापलीकडून आणायला सुरुवात केली, माझा हंडा ती घेईना. माझ्याशी बोलायची, कामापुरतं, अदबीनं. पण खारू माझ्या मशीनखाली यायची बंद झाली. तिला मना केलं होतं की तिचं तीच येत नव्हती, मला विचारायचा धीर झाला नाही.

माझ्या खिडकीपुढे चर खणला तेव्हा मी फीत घेऊन बाहेर गेले. दोन फूट चार इंच जागा उकरली होती, आणि पाइप टाकल्यावर पुन्हा बुजवून दिली. फीतवालीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिनं स्वतःच्या हातानं माझी बोअर सीलबंद केली.

नळ आला त्याच आठवड्यात खारू आली. धाकटीनं दिवाळीच्या फ्रॉकचं माप द्यायला पाठवली होती. पोर उंच झाली होती, पुढच्या दातांशेजारी आणखी दोन आले होते. धावत आली असावी, धापा टाकत होती. मी न विचारता नळाखाली पेला भरला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो तोंडाला लावला नाही. खिडकीशी गेली, कट्ट्यावर कोपरं टेकली, पेला उजेडात धरला. या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला.

"यात तुझं काही नाही ना, मोठी आई?"

नाही म्हटलं. नळाचं आहे, लांबून, धरणावरून येतं, माझा त्याच्याशी काही संबंध नाही. ते तिला पुरलं नाही हे मला दिसत होतं. मी तिच्या हातून पेला घेतला आणि अर्धा पिऊन दाखवला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, काही होतंय का ते. मग म्हणाली, ती घरी जाऊन पिईल.

मी बरं म्हटलं. तिला समोर उभी केली आणि फीत कंबरेभोवती घेतली. ती हात वर करून उभी राहिली, पूर्वी राहायची तशी. कंबर गेल्या वर्षीच्या मापापेक्षा दोन इंचांनी भरली होती. चुकले असेन म्हणून मी फीत सोडली आणि पुन्हा एकदा मोजली.